किती वाढलं, किती उरलं

९ फेब्रुवारी

ताई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. विशेष असं काही नाही, नुसती विनंतीच आहे. जेव.

भूक लागो न लागो, जेव. हे वाचताना घड्याळाकडे बघ. शेवटचं काही खाल्ल्याला दोन तास होऊन गेले असतील तर पत्र बाजूला ठेव, ऊठ, काहीतरी तोंडात टाक आणि मग पुढचं वाच. पत्र कुठे पळून जात नाही.

काल मावशीचा फोन आला. ऑपरेशन डिसेंबरात झालं, पोटाच्या पिशवीचा वरचा मोठा भाग काढला, गाठ लहान होती, वेळेत सापडली, डॉक्टर म्हणतात आता आत काही राहिलेलं नाही. हे सगळं मला फेब्रुवारीत कळतंय. मावशी म्हणाली, "तुला कळवायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं. पण अकरा किलो उतरली रे. कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसतात अंगावर. विचारलं की एकच, भूक नाही. आता माझ्याच्यानं गप्प बसवेना."

मावशीवर चिडू नकोस. चिडायचंच तर माझ्यावर चिड, तुला सवय आहे.

फोन लावला होता. सात वेळा. तू उचलणार नाहीस हे माहीत होतं, तरी लावला. म्हणून आता कागद-पेन घेऊन बसलोय. बसलोय म्हणजे काय, दोन ओळी लिहितो आणि खिडकीपर्यंत जाऊन येतो.

हे सांगणारा मी कोण, असं तू विचारशील. दोन वर्षांपूर्वी मी रक्तपेढी सोडली. त्याच हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत भुकेवर संशोधन चालतं, तिथे तंत्रज्ञ म्हणून लागलो. दुधावरची साय चोरतो म्हणून तूच मला बोका म्हणायला लागलीस, आणि तो बोका आता भुकेच्या लॅबमध्ये नोकरी करतो. एरवी तू हसली असतीस.

काम असं की धडधाकट माणसं सकाळी उपाशीपोटी येतात. दंडात एक बारीक नळी बसवून ठेवतो आणि दर अर्ध्या तासाला थोडं थोडं रक्त घेतो. ती ट्यूब बर्फात खुपसून मी अक्षरशः पळत मशीनपर्यंत नेतो. कारण पोट मेंदूला भुकेचा जो निरोप पाठवतं तो रक्तातून जातो, आणि तो निरोप फार नाजूक असतो. ट्यूब नुसती टेबलावर राहिली तरी तुटून जातो. त्याचं नाव घ्रेलिन. पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो ना, ते कावळे म्हणजे हे. आणि ते बहुतेक सगळे पोटाच्या पिशवीच्या वरच्या भागात बसतात.

आलं लक्षात? तुझ्या डॉक्टरांनी गाठीबरोबर कावळ्यांची फांदीच कापली. ती कापावीच लागली, त्याबद्दल तक्रार नाही. पण भूक नाही म्हणजे शरीराला अन्न नको, असा अर्थ तू काढू नकोस. अन्न हवंय. फक्त तसं वर कळवायला कोणी उरलेलं नाही.

तू बावीस वर्षं बस चालवतेस. स्टॉपवर माणूस दिसत नाही म्हणून कधी फेरी रद्द केलीस? वेळ झाली की गाडी हलते. तसं जेव. सात, साडेनऊ, बारा, अडीच, पाच, साडेसात. सहा फेऱ्या. थोडंथोडं, सावकाश, चावून. बाकी काही मागत नाही.

तीन वर्षांपूर्वी जे झालं ते या पत्रात काढत नाही. आता त्याचं काय एवढं.

बोका


१५ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. पोस्टाला दोन दिवस धरले, तुला रागवायला दोन दिवस धरले, आणि राग उतरायला किती धरायचे ते कळेना म्हणून पुन्हा लिहायला घेतलं.

आज एक टॅक्सीवाला आला होता. आमच्याकडे एक खोली आहे, तिला खिडकी नाही आणि भिंतीवर घड्याळ नाही. माणसाचा मोबाइल आणि मनगटावरचं घड्याळ आम्ही बाहेरच काढून घेतो. त्याला आत पत्ते आणि जुनी मासिकं देऊन बसवलं. पहिले दोन तास गडी मजेत होता. मग चुळबुळ सुरू झाली. मग मला म्हणाला, "दादा, एक वाजला ना?"

एकला पाच कमी होते. तो गेली पंधरा वर्षं स्टँडवर बरोबर एक वाजता डबा उघडतो. वेळ सांगायची मला परवानगी नसते. संध्याकाळी आकडे आले तेव्हा बघितलं, तर बारा वाजल्यापासून त्याचं घ्रेलिन वर चढत होतं. रोज ठरल्या वेळी जेवणाऱ्याचे कावळे वेळेच्या आधीच येऊन जमतात. जेवल्यावर ते उडून जातात, आणि मग खालून आतड्यातून दुसरे निरोप निघतात, ते सांगतात, पुरे.

तुझ्याकडे पहिले निरोप जवळजवळ नाहीत. आणि हे दुसरे भलतेच तत्पर आहेत, कारण अन्न थांबायला जागाच नाही, ते भराभर खाली उतरतं. म्हणून तीन घासांत तुझं पोट गच्च होतं. मावशी म्हणाली तू हात वर करतेस. आई करायची तसा? समोरून गाडी येतेय आणि तिला थांबवायचंय, असा?

आईचंही हेच ऑपरेशन होतं. हाच भाग काढला होता. तिचा आजार आधीच पुढे गेला होता, तुझा नाही, एवढाच फरक. तिचे ते शेवटचे पाच महिने तू रजा काढून तिच्याजवळ होतीस आणि मी इथे रक्ताच्या पिशव्यांवर लेबलं चिकटवत होतो. कावळ्यांचं वगैरे मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी जे बोललो ते कदाचित बोललो नसतो.

कदाचित म्हणतोय. मी तसा कधीकधी चक्रमासारखा वागतो.

हल्ली मला बसून जेवता येत नाही. ओट्याशी उभ्याउभ्या खातो आणि खाताना वाटतं, ताईची अडीचची फेरी सुटली असेल का. सुटली का गं?

बोका


२३ फेब्रुवारी

ताई,

मावशी तुझ्याकडे येऊन गेली ते कळलं. तिनं मला फोनवर चांगलं झापलं. "तिला शास्त्र कसलं पाठवतोस? साखरेच्या डब्याखाली तुझी दोन पाकिटं पडलीत, फोडलेलीसुद्धा नाहीत. आणि वजनाचा काटा अजून अर्धा किलो खाली गेलाय."

म्हणजे सहा फेऱ्या, टॅक्सीवाला, कावळे, सगळं साखरेच्या डब्याखाली. ठीक आहे. मग हे तिसरंही तिथेच जाणार. एका अर्थी बरंच झालं, न फोडलेल्या पाकिटात माणसाला काय वाटेल ते लिहिता येतं.

तर लिहितो. आई गेल्यानंतर दहा-बारा दिवस झाले होते. बाहेरच्या खोलीत मावशी, मावशीचे यजमान, शेजारच्या दोघी बसल्या होत्या. मी पाणी घ्यायला आत आलो आणि फ्रिजवर ती वही दिसली. निळ्या पुठ्ठ्याची, चौकटीच्या कागदाची. तू आईच्या खाण्याची नोंद ठेवत होतीस. मी ती चाळत बाहेर आलो आणि मोठ्यांदा वाचायला लागलो. सूप, दोन चमचे. केळं, पाव. रेघ. रेघ. दही, एक चमचा. रेघ. पान उलटलं, तेच. पुन्हा उलटलं, तेच.

तू कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस. मी म्हणालो, "एवढंच? दिवसभरात एवढंच दिलंस तिला?" मावशी म्हणाली, अरे, गप्प बस. मी गप्प बसलो नाही. म्हणालो, "तू तिला उपाशी मारलंस."

तू ट्रे खाली ठेवलास. एकही कप वाजला नाही. म्हणालीस, "तुला वाचता येत नाही." आणि आत जाऊन कडी लावलीस. ती कडी अजून उघडली नाही.

आता तुला वाटेल, बोका माफी मागायला आला. मला स्वतःलाही कळत नाहीये मी कशाला आलोय. अर्धं मन अजून म्हणतं, मी काय खोटं वाचलं? मी लॅबचा माणूस आहे. कागदावर असतं ते वाचतो. कागदावर तेवढंच होतं.

वही माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी ती उचलून घेऊन आलो. तू शोधली असशील तर आता शोधू नकोस.

याबरोबर एक छोटं घड्याळ पाठवतोय, त्यात सहा गजर लागतात. मी लावूनच ठेवलेत. पार्सल फोडलं नाहीस तरी आतून ते वाजेलच. त्याचा आवाज अगदी फालतू आहे, तुला नक्की राग येईल, आणि बंद करायला तरी तू पार्सल उघडशील.

बोका


३ मार्च

ताई,

आज मी बोलणी खाल्ली. चारचौघांत, सणसणीत.

आमच्याकडे एक काकू आहेत, त्यांना सगळे ताटवाल्या काकू म्हणतात. माणसाच्या पुढे जाणारी प्रत्येक वाटी त्या आधी काट्यावर ठेवतात आणि ती परत आली की पुन्हा ठेवतात. किती वाढलं, किती उरलं. दोन आकडे. दिवसभर हेच करतात आणि वर गुणगुणतात. परवा त्यांचा पाय मुरगळला, म्हणून दोन दिवस हे काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, यात काय आहे.

माझं लक्ष कुठे होतं ते तुला सांगायला नको. मी वाढलेल्यातून उरलेलं मनातच वजा केलं आणि एकच आकडा लिहिला. खाल्लं, एकशेचाळीस ग्रॅम. खाल्लं, नव्वद ग्रॅम. उरलेलं फेकून दिलं, वाट्या धुवायला टाकल्या. कागद कसा स्वच्छ दिसत होता.

आमच्या मोठ्या डॉक्टर, म्हणजे बाई, आज तो कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "वाढलं किती होतं?"

मी म्हणालो, "आठवत नाही. पण खाल्लं किती ते लिहिलंय की. तेच हवं ना आपल्याला?"

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की सगळे आपापल्या ट्यूबांमध्ये तोंड घालतात. म्हणाल्या, "एकशेचाळीस ग्रॅम वाढून याने वाटी चाटूनपुसून खाल्ली, की सातशे वाढून साडेपाचशेच्या वर टाकलं? पहिल्यात हा माणूस उपाशी उठला आणि दोष तुमचा. दुसऱ्यात त्याला भूकच नव्हती, तुम्ही बिचारे वाढत होतात. तुमच्या या कागदावरून मी यातलं काय समजू? नुसतं खाल्लेलं लिहिलंत की वाढणारा दिसतच नाही हो."

बाकीचं मला ऐकू आलं नाही. मी हातमोजे काढले, बाईंना म्हणालो, मला घरी जायचंय. त्यांना वाटलं मी रुसलो. अकरा वाजता मी घरी होतो, भर उन्हात चालत आलो, बससाठीसुद्धा थांबलो नाही. कपाटातून वही काढली आणि जमिनीवर बसलो.

ताई, तू समासात वेळा लिहिल्या आहेस. बारीक पेन्सिलीनं, प्रत्येक नोंदीच्या डाव्या बाजूला. तीन वर्षं वही माझ्याकडे आहे, आणि मी नेहमी उजवीकडचं वाचलं. चमचे मोजले, वेळा मोजल्या नाहीत. आज मोजल्या. रोज नऊ. सकाळी साडेसहापासून दर दीड-दोन तासांनी. एकही दिवस आठ नाहीत.

आणि त्या रेघा. मी समजत होतो, रेघ म्हणजे काही दिलं नाही. अगं, काही दिलं नसतं तर वेळ कशाला लिहिली असतीस? रेघ म्हणजे तू गरम करून आणलंस, उशी मागे लावून तिला बसवलंस, चमचा समोर धरलास, आणि तिनं हात वर केला. वाटी पुन्हा आत गेली. दीड तासानं तू दुसरं काहीतरी घेऊन आलीस. बारा ऑक्टोबरला ओळीनं आठ रेघा आहेत. तू नवव्यांदा गेलीस. नवव्यांदा दही, एक चमचा.

ते मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. एक चमचा म्हणून.

तू म्हणाली होतीस मला वाचता येत नाही. मला वाटलं ते रागाचं बोलणं आहे. ते खरं होतं. ताई, माझं चुकलं. मी फार वाईट चुकलो. मी तुला जे म्हणालो ते माझ्या तोंडून परत घेता येत नाही, आणि ते आठवलं की मला जागेवर बसवत नाही. दुपारभर मी या खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करतोय. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीनं छताला ठोकलंसुद्धा.

लॅबमध्ये मी नंतर फोन करून सांगितलं, त्या दोन दिवसांचे आकडे धरू नका, चूक माझी आहे. बाई म्हणाल्या, धरणारच नव्हते. ते लगेच निस्तरलं. तुझं कसं निस्तरायचं?

तू हे फोडणार नाहीस. तरी लिहिलं.

बोका


१० मार्च

ताई,

मावशीचा फोन आला. तू जिन्यात पडलीस. कपाळाला तीन टाके, आणि हॉस्पिटलमध्ये दोन दिवस सलाईन. आता घरी आहेस आणि मावशी तुझ्याकडे राहायला आलीय. डॉक्टरांनी साफ सांगितलंय म्हणे, पंधरा दिवसांत वजन चढलं नाही तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, आणि बसचं स्टिअरिंग विसरायचं. मावशी रडत होती. म्हणाली, "मी वाटी धरते, ती भिंतीकडे बघते. पुन्हा तेच बघायचं का रे मी?"

गाठ गेली. आजार गेला. आणि आता तू नुसती न जेवून जायची? हे मी होऊ देणार नाही, असं लिहिलं आणि लगेच कळलं, माझ्या होऊ न देण्याला कोण विचारतंय.

मागच्या पत्रात मी माफी मागितली. पण ती पुरी नव्हती. मी त्यातही एक गोष्ट लपवली. आज ती लिहून टाकतो.

वहीत ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारची नोंद आहे. त्या पाच महिन्यांत मी तीनदा आलो, त्यातली दुसरी खेप. तू लिहिलंयस, "बोका आला. मऊ भात वाटीभर, सगळा." त्या दिवशी बाहेरच्या खोलीत ही ओळ मी दोनदा वाचून दाखवली. म्हणालो, "बघा, माझ्यासमोर ती वाटीभर खाते! भरवणाऱ्याची इच्छा पाहिजे!" मावशीचे यजमानसुद्धा मान हलवायला लागले.

त्याखाली अजून दोन ओळी आहेत. "चार वाजता सगळं उलटलं. घाम, छातीत धडधड, संध्याकाळपर्यंत पडून." आणि त्याखाली, "बोक्याला सांगू नको म्हणाली."

त्या ओळी मी तेव्हाच वाचल्या होत्या, ताई. मला वाचता येत नव्हतं हे खरं, पण तेवढं आलं होतं. वाचल्या, आणि गिळून टाकल्या. माझी तिसरी खेप मी मुद्दाम लांबवली होती, इथे काम आहे म्हणून सांगितलं होतं, काम काही नव्हतं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तू रोज बघत होतीस. त्याची मला लाज वाटत होती, आणि लाज झाकायला मला कोणीतरी दोषी हवं होतं. तू समोर होतीस, हातात ट्रे घेऊन.

आता हेही कळतं की तिला त्या दिवशी भूक नव्हतीच. भूक लागायची सोयच राहिली नव्हती. ती माझ्यासाठी जेवली, आणि ते तिला झेपलं नाही.

वही या पाकिटात ठेवलीय. तुझी होती, तुझ्याकडे जाऊ दे. अठरा तारखेला, शनिवारी मी येतोय. सकाळची पहिली गाडी. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. ओरडणार नाही, शास्त्र सांगणार नाही. संध्याकाळची गाडी पकडून परत जाईन आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. फेरी रिकामी गेली तरी चालेल.

कळावे, असं लिहायची पद्धत आहे. मला कळायला तीन वर्षं लागली.

बोका


१४ मार्च

बोक्या,

पाकीट जाड होतं म्हणून फोडलं. म्हटलं आता काय, विटा पाठवल्यास का. वही निघाली. मग डब्याखालची बाकीचीही काढली आणि तारखेप्रमाणे लावून वाचली. मावशी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला वाटलं मला चक्कर येतेय.

पाच पत्रांत मिळून तू 'मी' हा शब्द किती वेळा लिहिलास ते एकदा मोज. तुला मोजायची हौस आहे.

तुझं ते घड्याळ पार्सलात तीन दिवस केकाटत होतं. शेवटी मी ते मऊ कपड्यांत गुंडाळून कपाटात कोंबलं, तरी ऐकू येत होतं. आता ओट्यावर ठेवलंय. आवाज खरंच फालतू आहे.

त्या खालच्या ओळी तू वाचल्या होत्यास हे मला तेव्हापासून माहीत आहे. मी दारात उभी होते, वही तुझ्या हातात उघडी होती, आणि तुझा अंगठा नेमका त्या दोन ओळींवर दाबलेला होता. इतका की नख पांढरं पडलं होतं. 'उपाशी मारलंस' हे मी विसरले असते, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. अंगठा विसरता आला नाही. तीन वर्षं वाट बघत होते, हा तो कधी उचलतो.

माफ केलं असं इथे लिहीत नाही. तिथपर्यंत पेन अजून जात नाही. पण तुला एक सांगते, ते कोणालाच सांगितलेलं नाही. पाच महिने मला वाटत होतं की आई माझ्यावर रुसलीय. माझ्या हातचं तिला नको झालंय. तू आलास की वाटी संपते, मी धरली की हात वर. मी न्हाणीघरात जाऊन रडायचे आणि मग पुढची वाटी गरम करायचे. ऑपरेशननंतर मला जेव्हा जेवण नको वाटायला लागलं तेव्हा मला तिचाच आवाज ऐकू यायचा, भूक नाही, भूक नाही, आणि वाटायचं, बरं झालं, आता तिच्या बाजूनं कसं असतं ते तरी कळेल. चूक होतं ते. कळतंय.

डॉक्टरांनी मला घ्रेलिनचा छापील कागद दिला होता. मी तो वाचला नाही. फांदी आणि कावळे वाचले. म्हणजे तिला खरंच भूक नव्हती. माझ्यावर राग नव्हता. दोन चमचे खात होती ते भूक नसताना खात होती, म्हणजे माझ्यासाठीच खात होती की. हे तुझ्या त्या टॅक्सीवाल्याच्या पत्रात आहे आणि ते पत्र महिनाभर साखरेच्या डब्याखाली होतं. आपण दोघंही थोर आहोत.

वहीची मागची पानं कोरी होती. रेघा मारून घेतल्यात. आजचं असं:

७.०० वाढलं, एक अंडं, अर्धा पाव. खाल्लं, अंडं.
९.३० वाढलं, वाटीभर दही. खाल्लं, चार चमचे.
१२.०० वाढलं, सूप आणि बटाटा. खाल्लं, —
२.३० वाढलं, केळं. खाल्लं, अर्धं. उरलेलं मावशीनं.
५.०० वाढलं, दूध. खाल्लं, सगळं. घड्याळ बंद करता येईना म्हणून वैतागून प्यायले.

शनिवारी ये. जिन्यात बसू नकोस, तिथे वारा येतो. पहिली गाडी चालवणारा माझ्या हाताखाली शिकलाय, तो तुला बाराच्या आत पोचवेल. बाराच्या फेरीला तू समोर बसून जेवायचंस. उभ्यानं नाही, बसून. मी तुझ्याबरोबर मला झेपेल तेवढं खाईन, तुझ्यासाठी म्हणून एक घासही जास्त खाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शनिवारचं पान आखून ठेवलंय, दोन्ही रकाने. वाढीन मी, लिहायचं तू. रेघ आली तर रेघ लिही. फक्त अंगठा बाजूला ठेवून.

ताई